पिकअपला मोठे टायर बसवायचेत, मडगार्डात जागा कशी करावी?

पाथरीकर_पिकअप:
राम राम मंडळी. आपली डबल केबिनची जुनी पिकअप आहे, पुढंमागं दोन्हीकडं कमान पाटे, ओढ फक्त मागच्या चाकांना. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, मागच्या वेळेस सांगितलं तर टायर राहिले बाजूला आन कोणाची गाडी भारी यावरच दोन दिवस जुंपली होती इथं. सध्या २१५/७५ आर १५ चे टायर आहेत, पार गोटा झालेत. शेत गावापासून तीन किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता पांदणीचा, पाऊस पडला की गाडी पोटावर बसते. मागच्या आठवड्यात ट्रॅक्टरनं ओढून काढली, ट्रॅक्टरवाला सख्खा चुलतभाऊ पण डिझेलचे पैसे मोजून घेतले त्यानं.
तर झालं असं की पुण्याच्या पाव्हण्यानं त्याच्या जीपचे काढून ठेवलेले ३१ × १०.५ आर १५ चे चार टायर दिलेत, नक्षी अजून चांगली आहे. एक पुढं चढवून बघितला. सरळ उभी असली तर लागत नाही पण वळण फुल मारलं की आतून पाट्याला आन मागून मडगार्डच्या खालच्या कोपऱ्याला घासायलंय. टायरवाला म्हणायलाय ग्राइंडरनं पत्रा कापून टाकू अर्ध्या तासाचं काम, डेंटिंगवाला म्हणतो दोन पाटे वाढव, तिसरा एक म्हणतो स्पेसर (चाकामागं बसवायची जाड चकती) टाक, चाक बाहेर येतं. तिघांचंही ऐकून डोकं फिरलंय. कोणी केलंय का हे, जागा नेमकी कुठून काढावी?

घाटातला_ड्रायव्हर:
दादा आधी पत्रा कापू नका, कापलेला पत्रा परत उगवत नाही.
आन एक इचार करा. २१५/७५ चा टायर उंचीला ७०३ मिलिमीटर भरतो (२१५ चे ७५ टक्के १६१, वरचे खालचे मिळून ३२२, त्यात १५ इंची रिमचे ३८१), आन ३१ इंची म्हणजे ७८७. म्हणजे एका चक्करमधी गाडी जवळपास १२ टक्के जास्त पळणार, काटा ६० दाखवील तवा तुम्ही ६७ वर असाल. पण फुकट काहीच नसतं, तेवढीच ओढ कमी होती. भरल्या गाडीनं मांजरसुंब्याचा घाट जिथं तिसऱ्यात निघायचा तिथं दुसरा टाकावा लागंल आन क्लच प्लेटचा वास घेत बसा. ब्रेकला पण मोठं चाक थांबवायला जोर जास्त लागतो हे कोणी सांगत नाही.

पत्रा_ग्राइंडर_जालना:
मी बॉडीचं काम करतो म्हणून सविस्तर लिहितो, वाचायचा कंटाळा आला तर सोडून द्या.
पयली गोष्ट रिम बघा. रिमवर आकडा कोरलेला असतो. तुमच्या रिमवर ६ जे म्हंजे ६ इंची रुंद असंल (बहुतेक तेच असंल) तर १०.५ रुंदीचा टायर त्याच्यावर बसवायचाच नाही, त्याला कमीत कमी ७ इंची रुंद रिम लागते. टायरवाला हवा भरून ठॉक करून बसवून देईल पण कडा आवळल्या जातात, टायर मधीच फुगतो, मधली नक्षी आधी झिजते आन वळणावर गाडी डुलते. म्हणजे रिमपण बदलणं आलं आन रुंद रिमचा ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते माप) वेगळा असला की चाक आतबाहेर सरकणार म्हंजे घासायची जागाच बदलणार.
दुसरं, घासतंय कुठं ते नुसतं कान देऊन कळत नाही. टायरच्या दोन्ही खांद्यांना ओला चुना फासा (पानटपरीवरचाच) आन मोकळ्या जागेत दोन्हीकडं फुल वळण मारून पुढंमागं घ्या. मग एका चाकाखाली ओंडका देऊन चढवा म्हणजे त्या बाजूचा पाटा दबतो, तसंच ठेवून परत वळण मारा. जिथं जिथं पांढरं लागलं तिथं तिथं जागा लागणार. लोक रिकाम्या गाडीला सपाट जागेवर बघतात आन म्हणतात बसला टायर, आन पहिल्या खड्ड्यात मडगार्ड फाटतं.
आता तुमचे तीन सल्लागार. पाटा वाढवला की गाडी उचलते, वरून मडगार्डला लागत असंल तर उपयोग होतो, पण वळणावर आतून पाट्यालाच घासत असंल तर गाडी फूटभर उचला तरी घासणारच कारण पाटा आन चाक दोघं संगंच आहेत. वर रिकामी गाडी दगडावाणी आदळती. आन उचलून झाल्यावर ब्रेकचा रबरी पाइप बघा, चाक लोंबकळलं की तो ताणला जातो.
स्पेसरनं चाक पाट्यापासून लांब जातं हे खरं, पण बाहेर आलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं, म्हणजे आतलं दुखणं बंद आन बंपरच्या टोकाला नि मागच्या कोपऱ्याला दुप्पट चालू. बेरिंगवर ताण येतो तो वेगळा. माल वाहायच्या गाडीला मी स्पेसर लावत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालंल.
ग्राइंडरवाल्याला एवढंच विचारा की मागच्या कोपऱ्यात पत्र्याची जी उभी शिवण आहे तिच्या पलीकडं काय आहे. केबिन आहे, तुमचे पाय आहेत.

काळी_माती:
मी परभणीकडचाच, वय झालंय, टायरमधलं तुमच्याइतकं कळत नाही पण चिखलातलं कळतं.
तुम्ही सगळे टायर बसतो का नाही एवढंच बघायलात. मडगार्डातली जागा टायरपुरती नसती हो, चिखलाची पण असती. आम्ही शाळेला सायकलवर जायचो तवा पावसाळ्यात हँडलला एक काडी बांधलेली असायची, दर दहा पावलांवर उतरून मडगार्डातला गारा टोकरायचा, शेवटी चाक फिरायचंच बंद व्हायचं मग सायकल खांद्यावर घेऊन घरी. पोरं मडगार्ड काढून टाकायची आन मग पाठीवर गाऱ्याची रांगोळी, घरी मार. आपली काळी माती तशीच आहे, वाळूसारखी गळून पडत नाही, थरावर थर चढती. तुम्ही रेटून ३१ चा टायर बसवला आन वर दोन बोटं जागा ठेवली तर ती दोन बोटं पांदणीच्या पहिल्या शंभर फुटात भरणार आन पुढं टायर चिखलालाच घासत जाणार. तो वाळला की इटेसारखा होतो, आमच्या पोराच्या गाडीच्या आतलं प्लास्टिक त्यानंच फाटलं.
दुसरं, रुंद टायर वाळूला बरा. आपल्याकडं पावसानंतर वरची चार बोटं चिकट आन खाली टणक असतं, तिथं अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणकाला भिडतो. बैलगाडीची धाव कधी रुंद बघितली का? (झडीचा पाऊस लागला तर कोणचाच टायर नको, घरी बसा.)
आन रिकामी पिकअप मागून हलकी असती म्हणून जागेवर फिरती. मागं पाच-सहा पोती माती टाकून बघा आधी, फुकटातलं आहे.

पासिंग_फेल:
वरचं सगळं बरोबर पण कागदाचं कोणीच बोललं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरसीवरच्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मधे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एकेका बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रोज कोण पकडतंय म्हणाल तर रोज नाही पकडत, पण पासिंगला आन विम्याच्या क्लेमच्या वेळेस सर्व्हेअर आधी टायरच बघतो. गाडीच्या पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीनं कोणच्या साइज दिल्यात ते वाचा, कधी कधी त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला एक मोठी साइज कंपनीचीच असती, तेवढ्यापर्यंत बोलायला तोंड राहतं.
आन माल वाहता ना? मग टायरवरचा लोड इंडेक्स पण बघा, १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५. मोठा दिसतो म्हणून जास्त वजन घेईलच असं नाही, जुन्यापेक्षा कमी आकडा असंल तर हात लावू नका.

पाथरीकर_पिकअप:
सगळ्यांचे आभार, एवढं मला गॅरेजवाल्यानं पण समजावून सांगितलं नव्हतं. चुना लावला. बायको म्हणाली गाडीला काय नजर लागली का. रिम ६ जे च निघाली. पाट्याला दोन्हीकडं पांढरं लागलं, मागच्या शिवणीला लागलं आन डाव्या बाजूला वॉशरच्या बाटलीच्या खाली पण लागलं जे मला माहीतच नव्हतं. ओंडक्यावर चढवून वळण मारलं तर टायर अडकूनच बसला, खाली उतरवायला हिसका द्यावा लागला.
म्हणजे ३१ चा नाद सोडावा लागतोय. पुस्तकात वरच्या मॉडेलला २३५/७५ आर १५ दिलाय. जालनावाले भाऊ, हा बसंल का काही न कापता? पाव्हण्याला काय सांगू ते नंतर बघतो.

पत्रा_ग्राइंडर_जालना:
शहाणपणा केला. २३५/७५ म्हणजे ७३३ उंची, म्हणजे वरून फक्त १५ मिलिमीटर जास्त आन रुंदीला आत १० बाहेर १०. ६ जे रिमवर बसतो. काटा ६० ला खरा साडेबासष्टच्या आसपास, घाटवाल्यांचा क्लच पण वाचंल.
कापायचं काही नाही बहुतेक, पण मागच्या शिवणीला टेकंल असं वाटतंय. तिथं असं करा. चाक काढा, गाडी जॅकवर न ठेवता खाली घोडी म्हंजे लोखंडी स्टँड लावा (लावाच, हात घालायचाय). प्लास्टिकचं अस्तर काढून आतून वायर जातीय का ते बघा आन असली तर बाजूला बांधा. मग ती उभी शिवण कापायची नाही, दोन पत्रे तिथंच जोडलेत, तिला जाड पट्टी टेकवून दोन पौंडी हातोड्यानं हळूहळू मागं निजवायची. एकदम ठोकलं तर स्पॉट वेल्डिंग सुटतं. निजल्यावर रंग तडकलेला असतो तो वायरब्रशनं खरवडून रेडऑक्साइडचे दोन हात, वरून सीलंट, वरून काळा रंग. हे शेवटचं काम सगळे टाळतात आन दोन वर्षांनी पायाखालच्या मॅटमधून रस्ता दिसतो.
अस्तराला लागत असंल तर हॉट गननं गरम करून आत दाबा आन एक जास्तीचा स्क्रू मारा, ते परत फुगून येतं नाहीतर.
एवढं करूनही पार शेवटच्या वळणाला पाट्याला जरासं टेकत असंल तर नकलवर (पुढचं चाक ज्या सांध्यावर वळतं तो) वळण थांबवायचा बोल्ट असतो, लॉकनट सैल करून तो थोडा बाहेर काढायचा. दोन्हीकडं सारखा. वळण तेवढं कमी होतं, पांदणीत गाडी फिरवताना एक वेळ जास्त मागंपुढं करावी लागंल.

घाटातला_ड्रायव्हर:
स्टेपनी विसरू नका. चार मोठे टाकून पाचवा जुना २१५ चा ठेवला आन मागं लावून भरली गाडी लांब पळवली की डिफरन्शियल (मागच्या अॅक्सलमधला गिअरचा गोळा) एका बाजूला उगं घासत राहतं. पंक्चर काढायच्या दुकानापर्यंत ठीक आहे. आन मोठा घेतला तर स्टेपनीच्या पाळण्यात बसतो का ते दुकानातच बघा.

पाथरीकर_पिकअप:
(वीस दिवसांनी) उशीर झाला, फवारणी चालू होती. २३५/७५ चे पाच घेतले, लोड इंडेक्स १०५. शिवण स्वतः निजवली, सांगितलं तसंच, फक्त उजव्या बाजूला पट्टी घसरून हातोडा मडगार्डवर बसला, चेंबलंय, जाऊ द्या. डावीकडच्या बाटलीची पट्टी उलटी फिरवून वर सरकवली. वळणाचा बोल्ट दोन आटे बाहेर काढला. चुना परत लावला, कुठंच पांढरं नाही.
परवा रात्री चांगला पाऊस झाला म्हणून सकाळी मुद्दाम पांदणीत घातली, मागं सहा पोती माती. ओढ्याच्या अलीकडं जिथं दर वेळेस बसते तिथं जरा पाघळली पण निघाली. बांधावर उतरून बघितलं तर मडगार्डात वर अजून तीन बोटं मोकळी होती आन पुढच्या कोपऱ्यात जिथं अस्तर आत वळतं तिथं गारा गच्च बसला होता, काका म्हणले तसा. खुरप्यानं काढला. आता खुरपं सीटखालीच ठेवलंय.
चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन बांधावरच उभा होता, काही बोलला नाही, तसाच गेला.

काळी_माती:
त्या कोपऱ्यातलं अस्तराचं टोक दोन बोटं कापून टाका, पाणी मारलं की गारा आपोआप खाली पडंल. तेवढं कापलं तर चालतं.

नवा_मेंबर_औसा:
ते ३१ चे टायर काय केले मग? माझ्याकडं ८ इंची रिम आहेत, द्यायचे असले तर सांगा.

पाथरीकर_पिकअप:
द्यायचेत, पण पाव्हणा दिवाळीला येणार आहे आन त्याला गाडीवर बघायचेत. दिवाळीनंतर फोन करा.