मदत हवी आहे : शाळेत धान्य गोळा करायचंय, पण वर्गातल्याच काही मुलांच्या घरी रेशनवर भागतं

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका खासगी विनाअनुदानित शाळेत सातवीला शिकवते. १६ ऑक्टोबरला जागतिक अन्न दिन असतो, त्यानिमित्त शाळेने ठरवलंय की मुलांकडून धान्य जमा करून शहरातल्या एखाद्या रोटी बँकेला किंवा फूड बँकेला (अन्न-धान्य गोळा करून गरजूंना पोचवणाऱ्या संस्थेला) द्यायचं आणि मुलांना एक दिवस तिथे कामालाही न्यायचं. कल्पना मला मनापासून आवडलीये, जबाबदारी माझ्याकडे आलीये, म्हणून इथे विचारतेय.

अडचण अशी की माझ्या वर्गात आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून आलेली मुलं आहेत, त्यातल्या काहींच्या आया धुणीभांडी करतात, वडील रिक्षा चालवतात नाहीतर बिगारी कामाला जातात, घरात रेशनचं धान्य येतं. आणि एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, हीच मुलं झेडपीच्या नाहीतर मनपाच्या शाळेत असती तर त्यांना आठवीपर्यंत दुपारचं गरम जेवण मिळालं असतं, पण विनाअनुदानित शाळेला शालेय पोषण आहार लागूच नाही, त्यामुळे घरून डबा आला तर जेवण. कधी डबाच नसतो आणि विचारलं तर "भूक नाही मिस" एवढंच उत्तर येतं. आता या मुलांना मी "गरिबांसाठी एक किलो तांदूळ आणा" असं कसं सांगू? सांगितलं की वर्गाचे देणारे आणि घेणारे असे दोन भाग पडणार, आणि ही मुलं घरी हट्ट करून तांदूळ आणणारच, कारण सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने यायला कुणाला आवडतं?

दुसरं फोटोंचं. वाटप करताना मुलांचे फोटो पेपरला जावेत असं काही पालकांना वाटतंय. ज्याच्या हातात पाकीट पडतंय त्याचाही चेहरा त्या फोटोत येतो ना, त्याला कुणी विचारलंय का? मला हे अजिबात नकोय पण नुसता नकार देऊन भागणार नाही, त्याऐवजी काय करता येईल ते सांगावं लागेल.

शिकवायचं काय हाही प्रश्न आहेच. "अन्न वाया घालवू नका, ताटात टाकू नका" हे ती पहिलीपासून ऐकताहेत. मला त्यांना सांगायचंय की पिकतंय भरपूर तरी लोक उपाशी का राहतात. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि ही काही फक्त मेळघाट-नंदुरबारची गोष्ट नाहीये. इतिहासाच्या तासाला १८७७ च्या दुष्काळाचा विषय काढणार आहे, तेव्हा जोतिराव आणि सावित्रीबाईंनी इथेच धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं, माझ्या वर्गातली निम्मी मुलं रोज त्याच भागातून येतात.

कुणी शाळेत असं काही केलंय का? बारा-तेरा वर्षांच्या मुलांना नक्की कुठलं काम द्यावं? प्लीज सविस्तर लिहा.

नाशिककर :
ताई, आमच्या शाळेत धान्य गोळा करतो त्याची पद्धत सांगतो. प्रत्येकाने अमुक किलो आणायचं असं सांगतच नाही. हॉलच्या दाराशी झाकणाची पिंपं ठेवतो, आठवडाभर ज्याला जमेल त्याने येता-जाता मूठभर टाकायचं, नावाची यादी नाही, वर्गावर्गात स्पर्धा तर मुळीच नाही. स्पर्धा लावली की सगळं बिघडतं, मग कुणी पाच किलोची पिशवी उचलून आणतं आणि कुणाला तोंड लपवावं लागतं. तांदूळ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे यांची वेगळी पिंपं ठेवा, नाहीतर निवडताना हाल होतात.

खरं काम त्यानंतर असतं आणि ते सगळ्या मुलांना सारखं येतं. धान्य पाखडणं, सोंडे-पोरकिडे बघणं, पाकिटांवरची तारीख वाचणं, वजन करून पिशव्या बांधणं. गंमत म्हणजे ज्या मुलाला घरी सूप धरायची सवय आहे तो इथे बाकीच्यांना शिकवतो, आपोआप! शिजवलेलं अन्न मात्र मुलांच्या हाती देऊ नका. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी २०१७ मध्ये रोटी बँक सुरू केली, हॉटेल-समारंभातलं उरलेलं अन्न ते लोक उचलतात, पण ते काम गाडी आणि घड्याळ हाताशी ठेवून करायचं असतं. गरम अन्न ६० अंशांच्या खाली आलं की जंतू वाढायला लागतात, आणि आपल्याकडच्या उकाड्यात लग्नातला भात किती वेळ टिकतो ते तुम्हाला माहीतच आहे.

टेक्सासहून :
पहिली फूड बँक अमेरिकेतच सुरू झाली, १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये, जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थांनी. आता इथे फूड बँक म्हणजे मोठं गोदाम असतं, दुकानांतून-कंपन्यांकडून माल येतो आणि तिथून छोट्या पँट्रीजना, म्हणजे वस्तीतल्या वाटप केंद्रांना जातो. माझी मुलगी शाळेच्या ग्रुपबरोबर जाते, वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. मुलं फक्त गोदामात छाननी आणि पॅकिंग करतात, घेणाऱ्या कुटुंबांची आणि त्यांची गाठच पडत नाही, म्हणजे तुमचा फोटोचा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरं सांगायचं ते तुमच्या वर्गासाठी जास्त कामाचं आहे. २०२३ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे इथलं पाचातलं जवळजवळ एक मूल अशा घरात राहतं जिथे पुरेशा अन्नाची खात्री नाही. म्हणून बऱ्याच शाळांत शुक्रवारी ठरावीक मुलांच्या दप्तरात शनिवार-रविवारपुरतं खाणं गुपचूप ठेवतात, वर्गात कुणाला पत्ता लागत नाही. तुमच्या "भूक नाही मिस" वाल्या मुलांसाठी शाळा असं काही करू शकेल का? शहरभर वाटण्याआधी हे व्हावं असं मला तरी वाटतं.

माजी पुरवठा निरीक्षक :
शिकवायचं काय म्हणालात, रेशनपासून सुरुवात करा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आता गणिताच्या तासाला ५ किलोला ३० ने भागायला सांगा. दिवसाला साधारण १६६ ग्रॅम येतात. तेवढं धान्य वाटीत मोजून टेबलावर ठेवा आणि विचारा, यात सकाळ-संध्याकाळ भागवा, डाळ-तेल-भाजी कुठून आणाल? सहावी ते आठवीच्या पोषण आहारात एका वेळच्या जेवणालाच १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी धरलेली असते, तेही शेजारी मांडा. हा कायद्याने दिलेला हक्क आहे हे मुलांना आवर्जून सांगा, म्हणजे रेशन घेणाऱ्या घरातल्या मुलाला मान खाली घालावी लागणार नाही. फक्त "तुमच्यापैकी कुणाकडे रेशन कार्ड आहे" असं वर्गात विचारू नका.

धागाकर्ती :
सगळ्यांचे खूप खूप आभार! पिंपांची कल्पना आणि १६६ ग्रॅमचं गणित दोन्ही घेतेय. फोटो हवेच असतील तर पाखडणाऱ्या हातांचे आणि बांधलेल्या पिशव्यांचे काढू असं पालकांना सांगणार आहे. दप्तराचं वाचून गलबलून आलं, मुख्याध्यापिका बाईंशी बोलते, शाळेच्या कँटीनमधून रोज काही डबे बाजूला काढता येतील का आणि ते मुलांपर्यंत कुणाला न कळता कसे पोचवायचे ते बघायला हवं, याबद्दल कुणाला अनुभव असेल तर लिहा. शिवाय पुण्यात कोरडं धान्य घेणारी आणि एवढ्या वयाच्या मुलांना गोदामात काम करू देणारी संस्था माहीत असेल तर प्लीज माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा, दिवाळीच्या सुट्टीआधी जाऊन भेटून यायचंय.