काटोलकडच्या गोटाळ वावरात गवत कापायला डिस्क मोअर कोणता टिकेल?

काटोल_गोठा

नमस्कार मंडळी. काटोलच्या अलीकडे आमचं वावर आहे, त्यातलं ११ एकर निव्वळ गवताचं, मारवेल आणि पवन्या जास्त, धुऱ्याकडून कुसळी (टोकदार कुसळांचं गवत) घुसलेली. शिवाय ३ एकर ओलिताची लसूणघास. गोठ्यात लहानमोठी २६ ढोरं, त्यातली ९ गवळाऊ जातीची, बाकी संकरित. ट्रॅक्टर ४५ हॉर्सपॉवरचा, सात वर्षं जुना पण इंजिन चांगलं आहे.

मागच्या वर्षीपर्यंत विळ्याने कापणी चालायची. आता ऑक्टोबरमध्ये सोयाबीन आणि गवत एकाच वेळी येते आणि मजूर सोयाबीनकडे जातात, गवताला कोणी मिळतच नाही. म्हणून मागच्या हंगामात एकाकडून डिस्क मोअर, म्हणजे फिरत्या चकत्यांवरच्या पात्यांनी गवत कापणारं ट्रॅक्टरचं यंत्र, भाड्याने आणला. पहिले दोन तास काय सुंदर चालला हो, मी बांधावर उभा राहून पाहून राहिलो होतो, विळ्याने चार दिवस लागतात तेवढं गवत आडवं झालं. मग खालच्या अंगाला गवतात लपलेला एक गोटा लागला, नारळाएवढा असेल, एकदम खण्ण करून आवाज आला आणि तिसरी डिस्क फिरायचीच बंद. खोलून पाहिलं तर आतली गिअर फुटलेली. पार्ट यायला १९ दिवस लागले. तोपर्यंत कुसळीला कुसळं धरली, गवत पिवळं पडून काडी झालं, आणि ते ढोरांनी उन्हाळ्यात कसं खाल्लं ते माझं मलाच माहीत, गायींच्या हिरड्यांतून कुसळं काढत बसलो होतो.

आता स्वतःचा घ्यायचा आहे. दुकानवाले प्रत्येक जण आपलाच चांगला म्हणतो. माझा प्रश्न एवढाच, आपल्याकडच्या जमिनीत दहा वर्षं टिकेल असा कोणता आणि घ्यायच्या आधी त्यात काय पाहायचं? जुना मिळत असेल तर घ्यावा का?

---

कळमना_वर्कशॉप

भाऊ, आधी तुमच्या मशीनचं काय झालं ते सांगतो, मग कोणता घ्यायचा ते तुमचं तुम्हालाच समजेल.

डिस्क मोअरचा जीव त्या खालच्या आडव्या बारमध्ये असतो. पीटीओचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या यंत्र फिरवणाऱ्या दांड्याचे, मिनिटाला ५४० फेरे वरच्या गिअरबॉक्समध्ये येतात, तिथून बहुतेक मॉडेलमध्ये पट्ट्यांनी बारकडे जातात, आणि बारमध्ये तेलात बुडालेल्या गिअरची एक रांग असते जी प्रत्येक डिस्कला मिनिटाला ३००० च्या आसपास फिरवते. पात्याचं टोक ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरने फिरत असते. आता एवढ्या वेगात असलेल्या डिस्कला नारळाएवढा गोटा अचानक थांबवतो, पण बाजूच्या डिस्का तर फिरतच आहेत, मग तो सगळा झटका कुठेतरी जाणारच ना? डिस्कखाली तुटण्यासाठी ठेवलेला काही भाग नसला तर झटका सरळ गिअरच्या दातांवर जातो. तुमचं तेच झालं.

म्हणून पहिला प्रश्न दुकानात हा विचारायचा, गोटा लागला तर काय तुटते? चांगल्या मशीनमध्ये प्रत्येक डिस्कच्या बुडाशी शिअर हब किंवा पिना असतात, त्या तुटतात आणि गिअर वाचते. क्रोन कंपनीच्या सेफकट नावाच्या सोयीत पिना तुटल्या की ती डिस्क आट्यावरून वर सरकते, म्हणजे बाजूच्या डिस्कच्या पात्यांना धडकत नाही. अशी सोय नसलेलं मशीन कितीही स्वस्त असो, गोटाळ जमिनीत नको.

दुसरा प्रश्न, बार एकाच पेटीचा वेल्डिंग केलेला आहे का तुकड्यातुकड्यांचा, म्हणजे प्रत्येक डिस्कची पेटी वेगळी आणि बोल्टने जोडलेली? एकाच पेटीत एक गिअर फुटली तर तिचा चुरा तेलातून सगळ्या बेअरिंगमध्ये फिरते. तुकड्यांच्या बारमध्ये ती एक पेटी बदलली की काम चालू.

आणि तिसरा, पाती, पिना, पट्टे नागपुरात शेल्फवर आहेत का? "मागवून देतो" हे उत्तर नाही. दुकानदाराला म्हणा आत्ताच काढून दाखव. ऑक्टोबरमध्ये १९ दिवस म्हणजे पूर्ण हंगाम, हे तुम्ही भोगूनच बसले आहात.

तुमच्या ४५ च्या ट्रॅक्टरला पीटीओवर ३८-३९ हॉर्सपॉवर मिळते. त्याला ४ डिस्कचा, साधारण १.६५ मीटरचा घ्या. ५ डिस्कचा २ मीटरच्या वरचा ओढेल पण दाट गवतात फेरे कमी होतील, आणि फेरे कमी झाले की पातं गवत कापत नाही, फाडते. मोअर उजवीकडे बाहेर लटकतो, साडेतीनशे-चारशे किलो, त्यामुळे समोर वजनं लावल्याशिवाय चालवू नका.

---

मौदा_ड्रमवाला

मी थोडं वेगळं सांगतो. डिस्क मोअरच काहून पाहिजे? मी सहा वर्षांपासून दोन ड्रमचा मोअर वापरून राहिलो, १.६५ मीटरचाच. त्याची ताकद वरून येते, खाली गिअरची रांगच नाही, ड्रमच्या बुडाशी एक ताटली असते ती जमिनीवर मोकळी फिरत घसरते. गोटा लागला तर पातं वाकते किंवा उडते, फार फार तर पट्टा घसरतो, जळक्या रबराचा वास येतो, मी उतरतो, पातं बदलतो आणि पुढे. प्रत्येक ड्रमला तीन पाती, एक बदलायला पाच मिनिटं.

दोष सांगायचे तर वजनदार आहे, आणि गवत दोन ड्रमच्या मधोमध जाड पट्टीत पडते म्हणून वाळवायला ते फिस्कारावं लागते. मी दुसऱ्या दिवशी रेक (गवत पसरवायचं दाताळं) लावतोच त्यामुळे मला काही वाटत नाही. आमच्याकडे धानाच्या बांध्या असतात, उंचसखल खूप, तरी सहा वर्षांत मोठा खर्च फक्त एकदा पट्ट्यांचा झाला. तुमच्या काटोल-कळमेश्वर पट्ट्यात तर काळ्या खडकाचे गोटे दर पावसाळ्यात वर येतात, आज वेचले की पुढच्या वर्षी नवीन. तुमच्या जागी मी असतो तर ड्रमच घेतला असता.

---

गोरक्षण_उमरेड

मौदावाल्या भाऊंच्या बोलण्यात दम आहे, पण ताईंनो-भाऊंनो लसूणघासचं काय? ३ एकर म्हणजे वर्षभर दर २५-३० दिवसांनी कापणी. लसूणघासची पानंच खरी ताकद, आणि ती सुकली की हात लावला तरी गळतात. आमच्याकडे लसूणघासला आम्ही सिकल बार वापरतो, मागेपुढे चालणाऱ्या पात्यांचा. कमी ताकदीच्या ट्रॅक्टरवर चालते, कात्रीसारखं साफ कापते, बुंध्याला इजा होत नाही त्यामुळे फुटवा लवकर येते. पडलेल्या गवतात मात्र गुंतते आणि हळू चालवावा लागते, ११ एकर कुरणाला तो काही कामाचा नाही.

मला खरं सांगायचं आहे ते तारेबद्दल. आमची एक गाय तीन वर्षांपूर्वी खाणं सोडून बसली, पुढचे पाय ताणून उभी राहायची, उतारावरून खाली यायला नको म्हणायची. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली तर पोटात तारेचा तुकडा, दोन इंचाचा, जाळीच्या पोटातून पुढे हृदयाकडे चाललेला. ऑपरेशन करून वाचली. ती तार आली कुठून? कुंपणाची जुनी तार गवतात पडलेली होती, मोअरने तिचे तुकडे केले आणि ते पेंढ्यात बांधले गेले. विळ्याने कापताना बाईच्या हाताला तार लागायची, ती बाजूला टाकायची. मशीनला डोळे नाहीत. त्यानंतर मी प्रत्येक मोठ्या गायीच्या पोटात डॉक्टरकडून तार धरून ठेवणारा चुंबक टाकून घेतला आणि कापणीच्या आदल्या दिवशी कुंपणाकडची दोन मीटर पट्टी आम्ही स्वतः पायी फिरतो. मोअर कोणताही घ्या, हे करा.

---

काटोल_गोठा

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे पूर्वेच्या धुऱ्याला जुनं काटेरी कुंपण तुटून पडलेलं आहे, उद्याच गुंडाळतो.

ड्रमचं डोक्यात नव्हतं. काल हिंगण्याकडे एक जुना डिस्क मोअर पाहिला, दिसायला चांगला, रंग नवीन मारलेला. आणि एक ड्रम मोअर नवीन. जुन्यात काय तपासू? सबसिडीचंही विचारायचं होतं.

---

कळमना_वर्कशॉप

नवीन रंग बघून हुरळून जाऊ नका. हे करा. ट्रॅक्टर बंद, पीटीओ शाफ्ट काढलेला, मग हाताने एक डिस्क हळूहळू पूर्ण फिरवा. सगळ्या सोबत फिरल्या पाहिजेत, कुठे टकटक लागली, कुठे अडकल्यासारखं वाटलं तर समजा दात गेले. प्रत्येक डिस्क धरून वरखाली हलवा, खेळ लागला तर बेअरिंग गेलं. मग तेलाचं बूच खोला. तेल दुधासारखं पांढरं असेल तर पाणी शिरलं. बोटाला चमचम कण लागले तर बूच लावा आणि घरी या.

चांगलं वाटलं तर चालवून दाखव म्हणा, पंधरा मिनिटं. बंद करा, सगळं पूर्ण थांबू द्या. पीटीओ बंद केला तरी डिस्का बराच वेळ फिरत राहतात, घाई करू नका, आमच्याकडे बोटं गेलेला माणूस आला आहे. मग बारवर प्रत्येक डिस्कखाली हात ठेवून पाहा. सगळीकडे सारखं कोमट पाहिजे. एका जागी चटका बसला तर ती जागा जाणार आहे.

स्वतःचा घेतल्यावर लोक जी चूक करतात ती तेलाची. कमी पडू नये म्हणून वरपर्यंत भरतात. बारमध्ये तेल जास्त झालं की गिअर ते घुसळत राहतात, तापते, सील जातात. पुस्तकात जेवढं लिहिलं तेवढंच, आणि बार ज्या स्थितीत ठेवून मोजायला सांगितला त्याच स्थितीत. पाती जोडीने बदला, एका डिस्कवर एक नवीन एक झिजलेलं लावलं की थरथर सुरू होते आणि ती बेअरिंगला खाते. डावीकडे फिरणाऱ्या आणि उजवीकडे फिरणाऱ्या डिस्कची पाती वेगळी असतात, बाण पाहून लावा. आणि तुमच्या ट्रॅक्टरला रिव्हर्स पीटीओ असेल तर तो लिव्हर बांधून ठेवा, गड्याने चुकून टाकला तर पाती उलटी फिरतील.

सबसिडीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय बिल फाडायचं नाही, नाहीतर पैसे मिळत नाहीत. मशीनचा टेस्ट रिपोर्ट आहे का विचारा. मध्य प्रदेशातल्या बुधनीला केंद्र सरकारची शेती यंत्रं तपासणारी संस्था आहे, तिथला रिपोर्ट असला तर वाचा, त्यात पात्याचं आणि गिअरचं पोलाद कसं आहे तेही तपासलेलं असते.

माझं मत विचाराल तर मौदावाल्या भाऊंशी सहमत. मी डिस्कचे बार खोलून कमावतो, तरी सांगतो, तुमच्या जमिनीला ड्रम.

---

गोरक्षण_उमरेड

आणि कापायचं केव्हा तेही ठरवून ठेवा. कुसळी फुलायच्या आत, म्हणजे पाऊस उघडला की लगेच. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत वाळते. मूठभर गवत पिळून पाहा, काडी मोडताना कट्ट वाजली पाहिजे. ओलसर गंजी रचली तर आतून तापते, बुरशी येते, पेटही घेते. जमिनीला घासून कापू नका, तीन इंच बुंधा ठेवा, मारवेल पुन्हा फुटतो आणि पात्यात मातीही जात नाही. माती खाल्लेलं पातं एका दिवसात बोथट होते.

---

काटोल_गोठा

सगळ्यांचे मनापासून आभार. हिंगण्याचा जुना आज परत जाऊन पाहिला, वर्कशॉपवाल्या भाऊंनी सांगितलं तसं हाताने फिरवला. दुसऱ्या डिस्कला प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी टक् होत होतं. मालक म्हणाला चालवल्यावर जाते. बूच खोलू म्हटलं तर पाना नाही म्हणाला. परत आलो.

ड्रम मोअरसाठी अर्ज आज टाकला. नागपूरच्या दुकानात पाती आणि पट्टे समोर काढून दाखवले, एक सेट सोबतच घेणार. लसूणघास यंदा विळ्यानेच कापू, तेवढी माणसं घरची पुरतात.

काल संध्याकाळी मी, बायको आणि पोरगा तिघांनी खालच्या अंगाचे गोटे वेचायला सुरुवात केली. जे मोठे निघत नाहीत त्यांच्यावर बांबूची काठी रोवून पांढरं कापड बांधून राहिलो, गवत छातीएवढं वाढलं तरी ट्रॅक्टरवरून दिसेल. दीड एकरात १४ काठ्या झाल्या. पूर्वेच्या धुऱ्याची तार गुंडाळली, दोन पोती भरली. मौदावाले भाऊ, ड्रमच्या ताटलीला ग्रीस किती दिवसांनी देता ते सांगा.

---

मौदा_ड्रमवाला

रोज सकाळी, सुरू करायच्या आधी. संध्याकाळी देऊ म्हटलं की राहून जाते. आणि पट्ट्यांचा ताण पहिल्या चार-पाच तासांनी पुन्हा पाहा, नवीन पट्टे ताणतात. कापणीच्या वेळी फोन नंबर पाठवा, मी एक दिवस येऊन जाईन.