नळ मोठा की सुई?

नळस्टॉपवाला:
परवा पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सवरून जाताना मित्र म्हणाला, "१९५५ मध्ये इथं पेनिसिलिन बनायला लागलं आणि आपली माणसं जगायला लागली." मला हे पटत नाही. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन, त्याचा शोध १९४३ चा. इंग्लंडात क्षयाचे मृत्यू त्याच्या कितीतरी आधीपासून, जवळजवळ शंभर वर्षं उतरत होते. पोटभर अन्न, हवेशीर घर, गटार, नळ. हार मात्र डॉक्टरांच्या गळ्यात. हाणा आता.

पेठेतली काकू:
उतरत होते, संपले नव्हते. माझी थोरली आत्या १९४४ साली क्षयाने गेली. धाकटीला तोच क्षय १९५३ मध्ये जडला. महिनोन्‌महिने सुया टोचून घेतल्या आणि वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत माझ्या पोळ्यांना नावं ठेवत जगली. वाडा तोच, हौदही तोच.

नळस्टॉपवाला:
काकू, एका वाड्यावरून इतिहास ठरत नाही.

उंदीरमामा:
मग अख्ख्या शहरावरून ठरवू. १८९७ च्या प्लेगात प्लेग-अधिकारी रँडच्या सोजिरांनी पुण्यातली घरं धुऊन काढली, सामान जाळलं, माणसं उचलून छावणीत नेली. आणि उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे फ्रेंच डॉक्टर सिमाँने दाखवलं १८९८ मध्ये, तिकडे कराचीत! चोर कोण ते माहीत नाही आणि झडती सगळ्या गावाची. देवघरंसुद्धा सोडली नाहीत. त्याचा भडका १८९७ च्याच २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत उडाला, चापेकरांनी रँडला गोळी घातली. नुसत्या स्वच्छतेचे गोडवे पुण्यात तरी गाऊ नका.

नळस्टॉपवाला:
तो जुलूम होता, स्वच्छता नव्हे. आणि सुईचं काय? प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनने १० जानेवारी १८९७ लाच मुंबईत स्वतःला ती टोचून घेतली होती. तरी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेल्या.

उंदीरमामा:
दोन महिन्यांत लस गावोगाव पोचणार होती का? काहीही.

नळस्टॉपवाला:
पोचली तिथलं ऐका. १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल. एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. हाफकिनची नोकरी गेली, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक केला नव्हता. म्हणजे शेवटी स्वच्छताच!

पेठेतली काकू:
आणि चिमटा निर्जंतुक करायचा असतो, हे काय नळाने सांगितलं होतं?