व्हीएमच्या बॅकअपची पॉलिसी आधी कागदावर, सॉफ्टवेअर नंतर. पटतं का?

वणीकर_सिस्टम
आपल्याकडच्या जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था, सगळीकडे आता एकाच सर्व्हरवर तीन-चार व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले वेगवेगळे संगणक) चालतात. एकात हिशोब, एकात वजनकाटा, एकात फायली. बॅकअप लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? माझ्या मते हा प्रश्न शेवटचा आहे.

आधी मालक, दिवाणजी आणि काट्यावरचा माणूस यांना एका टेबलावर बसवा. प्रत्येक मशीनबद्दल दोनच गोष्टी विचारा: किती तासांचं काम पुन्हा करायची तयारी आहे, आणि हे मशीन बंद पडलं तर धंदा किती वेळ थांबू शकतो? उत्तरं लिहा, मालकाची सही घ्या. वेळापत्रक, किती प्रती ठेवायच्या, कुठं ठेवायच्या, हे सगळं त्यातूनच निघतं. नाहीतर सॉफ्टवेअरनं आपणहून सुचवलेली सेटिंग हीच संस्थेची पॉलिसी होऊन बसते.

आणि पॉलिसी हंगामाप्रमाणे बदलली पाहिजे. दिवाळीनंतर काट्याचं मशीन दिवसभर नोंदी घेत असतं, मे महिन्यात तेच मशीन नुसतं सुरू असतं. दोन्ही वेळेला एकच वेळापत्रक कशाला?

मोर्शीचा_संत्रा
भाऊ, माफ करा, पण मले हे नाही पटलं. तीन मशीनसाठी तीन पॉलिसी, वरून हंगामाची वेगळी. सांभाळणार कोण? गावात हे काम पाहणारा एकच पोरगा असते, तोच प्रिंटर दुरुस्त करते, तोच सीसीटीव्ही पाहते. रात्री एक वाजता सगळ्या मशीनचा बॅकअप, चौदा दिवसांच्या प्रती, विषय संपला. साधी गोष्ट चालत राहते. अवघड गोष्ट तो पोरगा नोकरी सोडून पुण्याले गेला की बंद पडते.

आणि काट्याचं म्हणाल तर काटापट्टी छापूनच देतात न? एक दिवस गेला तर पट्ट्या पाहून नोंदी भरा.

वणीकर_सिस्टम
दादा, पट्टीवर काय असतं ते पाहा. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. कापसात ओलावा किती निघाला आणि भावात किती कपात झाली, हे बऱ्याच ठिकाणी फक्त ग्रेडरच्या, म्हणजे मालाची प्रत तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर असतं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कपात, 12 च्या वर गेला की माल घेतच नाहीत. ती नोंद गेली तर शेतकऱ्याला चुकारा कोणत्या आकड्यावर द्यायचा? म्हणून काट्यावरच्या माणसाला टेबलावर बसवा म्हणतो. पट्टीवर काय नसतं, हे त्यालाच माहीत असतं.

सरकी_आणि_डेटा
तुम्ही दोघंही पूर्ण मशीनच्या बॅकअपबद्दल बोलताय, डेटाबेस राहून गेला. काट्याचं सॉफ्टवेअर बहुतेक एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसवर असतं. व्हीएमची प्रत घेताना आतल्या विंडोजला व्हीएसएसमार्फत (प्रत घेण्याआधी डेटा नीट लिहून घ्यायला लावणारी विंडोजची सोय) खबर गेली नाही, तर ती प्रत म्हणजे चालू मशीनचा प्लग उपटल्यावर डिस्क जशी राहते तशी. बहुतेकदा डेटाबेस उघडतो, पण "बहुतेकदा" या शब्दावर शेतकऱ्यांचे पैसे ठेवू नका.

माझ्या मते पूर्ण मशीनचा बॅकअप रात्री एकदा पुरे. डेटाबेसचा बॅकअप मात्र दर दोन तासांनी, वेगळा. एक्स्प्रेसमध्ये एजंट, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा भाग, मिळत नाही, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावा. फाईल लगेच दुसऱ्या मशीनवर गेली पाहिजे, त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही.

रात्रपाळी_यवतमाळ
एवढा खटाटोप कशासाठी? दर चार तासांनी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, घ्या, आठवडाभर ठेवा. मिनिटात मागं जाता येतं.

सरकी_आणि_डेटा
नका करू भाऊ, कळकळीनं सांगते. स्नॅपशॉट त्याच डिस्कच्या आधारानं उभा असतो. मूळ डिस्क गेली की तोही गेला. व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरचीच सूचना आहे की एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका. स्नॅपशॉटची साखळी वाढत जाते, मशीन मंदावतं, आणि जागा भरली की मशीन अडकून पडतं. अपडेट करायच्या आधी घ्यावा, काम झालं की काढून टाकावा.

हिंगणघाट_फायबर
दुसरी प्रत कुठं, यावर कोणी बोललंच नाही. जिनिंगमध्ये रुईला आग लागते, हे इथं कोणाला सांगायला नको. बॅकअपचा डबा त्याच आवारात असेल तर तो बॅकअप नाही. थेट क्लाऊडवर टाका.

मोर्शीचा_संत्रा
क्लाऊड कोणत्या लाईनवर? अपलोड 10 एमबीपीएस मिळाला तरी 500 जीबीची पहिली प्रत चढायले साडेचार दिवसांच्या वर लागते, तेही लाईन एकदाही न तुटता. मधात एक वादळ आलं की काय करता? दोन डिस्क घ्या. दर शनिवारी एक मालकाच्या घरी, दुसरी कामावर. गावात हेच चालते.

हिंगणघाट_फायबर
पहिली प्रत डिस्कवर नेऊन भरा, नंतर रोजचे बदल तेवढे पाठवा. आणि कंपनी म्हणून नोंदणी असेल तर आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. कंपनी कायद्याच्या हिशोबाच्या नियमांत 2022 साली दुरुस्ती झाली: हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर, आणि रोजच्या रोज. शेतकरी उत्पादक कंपनीही कंपनीच आहे. शनिवारची डिस्क एकटी पुरणार नाही.

रात्रपाळी_यवतमाळ
स्नॅपशॉटचं समजलं. प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट सांगतो. त्याचा बॅकअप सर्व्हर डिस्कचे कोणते ब्लॉक (तुकडे) बदलले याची यादी चालत्या मशीनच्या मेमरीत ठेवतो. मशीन बंद होऊन सुरू झालं की ती यादी जाते आणि पुढच्या वेळी पूर्ण डिस्क पुन्हा वाचावी लागते. पाठवतो बदललेलंच, पण वाचायला वेळ लागतो. लाईट गेली, यूपीएस उतरला, तर त्या रात्री वीस मिनिटांचं काम सकाळपर्यंत लांबू शकतं. आपल्याकडे पॉलिसी लिहिताना या वाईट रात्रीचा हिशोब धरा, चांगल्या रात्रीचा नाही.

सरकी_आणि_डेटा
अजून एक. बॅकअपचा फोल्डर विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की हिशोबाच्या फायलींसोबत तोही कुलूपबंद होतो. बॅकअप मशीनचा पासवर्ड वेगळा, आणि जुन्या प्रती पुसायचा अधिकार रोजच्या युजरला नको.

मोर्शीचा_संत्रा
ठीक हाय. सही घ्यायचं पटलं, कारण उद्या काही गेलं तर बोल त्या पोरावर येते. डेटाबेस वेगळा घ्यायचा, तेही पटलं. पण मशीनगणिक पॉलिसी अजूनही नाही पटली. दोनच गट करा: ज्याच्यात पैशाची नोंद हाय तो एक, बाकी सगळं दुसरा. हंगामाचा फरक करूच नका. उन्हाळ्यात बदलायचं आठवते, दिवाळीच्या आधी परत बदलायचं कोणाले आठवत नाही. हंगामाचंच वेळापत्रक बाराही महिने ठेवा, उन्हाळ्यात बदलच कमी असतात तर जागाही कमीच लागन.

वणीकर_सिस्टम
हंगामाच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, तो माझ्या कागदावरून काढतो. दोन गटही चालतील. पण त्या कागदावर एक ओळ मी घालणारच: दसऱ्याच्या आधी काट्याचं मशीन बॅकअपमधून प्रत्यक्ष उभं करून पाहायचं. नेटवर्क कार्ड काढून सुरू करा, नाहीतर एकाच आयपीची (नेटवर्कवरच्या पत्त्याची) दोन मशीनं भांडतील. मग त्यात शेवटची पट्टी उघडा आणि तिचा नंबर दिवाणजींच्या फाईलमधल्या कागदी पट्टीशी जुळवा. ओलाव्याचा आकडाही दिसतो का ते ग्रेडरलाच पाहू द्या.

मोर्शीचा_संत्रा
आणि किती वेळ लागला तो घड्याळ लावून लिहा. मालकानं "दोन तास चालन" म्हणून सही केली आणि मशीन उभं व्हायले सात तास लागले, तर तो कागद पुन्हा मालकापुढं ठेवा.