अनुभव धागा: मुलाखत छापायची, माणूस झाकायचा

साध्या नेटकऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत, कामाच्या गोष्टी हव्यात. नावाऐवजी काम लिहिलं तरी चालेल, विषयाला शोभूनच दिसेल.

संशोधक
संमतीपत्रावर सही घेतली की नाव कागदावर आलंच. त्यापेक्षा तोंडी संमती घ्या, नाव न उच्चारता, आणि तिची फाइल मुलाखतीपासून वेगळी ठेवा. रेकॉर्डिंग, शब्दशः अवतरण आणि माघारीची, म्हणजे संमती मागे घेण्याची, शेवटची तारीख, तिन्ही स्वतंत्र विचारा. तारीख ठरली नाही तर छापून झाल्यावर 'काढून टाका' असा निरोप येतो, आणि तेव्हा हातात काहीच नसतं.

संपादक
नाव काढणं सगळ्यात सोपं. माणूस सापडतो तो उरलेल्या तपशिलांवरून. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी नेटवर काय काय शोधलं ते खुलं केलं. नावांच्या जागी नुसते क्रमांक होते, तरी काही दिवसांतच पत्रकार एका क्रमांकामागच्या बाईंपर्यंत पोहोचले. त्या शोधत काय होत्या? आपल्याच गावातल्या, आपल्याच आडनावाच्या गोष्टी.

म्हणून वय, पेशा, कुटुंब आणि ठिकाण यांची जोडी फोडायची. '४३ वर्षांची दंतवैद्य, जुळ्यांची आई' याचं 'चाळिशीतली, आरोग्यक्षेत्रातली' होतं. जुळ्यांमुळेच मुद्दा उभा असेल तर जुळी ठेवा, बाकीचं सैल करा. तपशील बदलले असतील तर वाचकाला तसं सांगा. बदलले कोणते, ते नको.

शब्दांकन करणारी
तासाभराच्या ध्वनिफितीला चार ते सहा तास धरा. नावं त्याच वेळी [बहीण], [शहर] अशी बदलत जा. शेवटी 'शोधा आणि बदला' वर विसंबाल तर मराठी दगा देते: 'वकील' शोधलंत तर 'वकिलाने' सुटतं. गावांची सामान्यरूपंही अशीच निसटतात. शिवाय 'मी गेले' की 'मी गेलो' यातून स्त्री-पुरुष कळतोच. तोही लपवायचा असेल तर वाक्यच फिरवावं लागतं.

पुन्हा संशोधक
राहिलंच. नेहमीचं सदस्यनाव हेही नावच. वर्षानुवर्षं तेच चार ठिकाणी वापरलेलं असतं. नवं टोपणनाव द्या, आद्याक्षरही वेगळं. पण विचारून, स्वतःच्या लिखाणाचं श्रेय त्याच सदस्यनावाने हवं असणारेही भेटतात. आणि खुल्या पोस्टमधलं वाक्य जसंच्या तसं छापू नका. अवतरणचिन्हांत घालून शोधलं की मूळ पान समोर. आशय आपल्या शब्दांत मांडा आणि छापण्याआधी स्वतः शोधून बघा.

तांत्रिक बाजू बघणारा
पीडीएफमध्ये मजकुरावर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचे शब्द कॉपी होतात. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, दस्तऐवजात लेखकाचं नाव. आवाजाची पट्टी वर-खाली केलेली पुन्हा मूळपदावर आणता येते. त्यापेक्षा उत्तरं दुसऱ्या कुणाच्या आवाजात वाचून घ्या. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आधी आपोआप होणारा क्लाउड बॅकअप बंद करा.

मुलाखतींना 'म०१' असे क्रमांक दिले असतील तर 'म०१ म्हणजे कोण' ही यादी कूटबद्ध करून मुलाखतींपासून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा आणि माघारीची मुदत संपली की पुसा. मानधन दिलं असेल तर हिशेबाच्या वहीतही खरं नाव बसलेलं असतं, हे हमखास विसरलं जातं.