बेसबॉल ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत नुसत्या वेगावर रिलीव्हर उचलावा का? (बेन जॉइस)

हंट्सविलकर: ऑफिसात लंचला भांडण झालं तेच इथे आणतोय. बेन जॉइस, टेनेसी युनिव्हर्सिटीचा रिलीव्हर (पहिल्या पिचरनंतर म्हणजे गोलंदाजानंतर मधेच येणारा पिचर), मे 2022 मध्ये ऑबर्नविरुद्ध 105.5 माईलचा बॉल टाकला म्हणजे ताशी 170 किमीला टेकलाच (शोएबचा 161.3, आणि तो जवळजवळ बाउंड्रीपासून पळत यायचा). दोन महिन्यांनी एंजल्स टीमनी त्याला ड्राफ्टमध्ये (मेजर लीगच्या टीम पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात तो) तिसऱ्या फेरीत 89 वा घेतला. मित्र म्हणतो पिक (निवडीची पाळी) वाया घालवला, मी म्हणतो बरोबर केलं. त्याच वर्षी तो इथे मॅडिसनला ट्रॅश पांडाजकडून डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालची लीग) खेळला तेव्हा मी होम प्लेटच्या मागे बसलेलो. बॅट अर्ध्यात आणि बॉल कॅचरच्या ग्लव्हमध्ये, धुणं दगडावर आपटावं तसा फाट् आवाज, आणि अख्खं पब्लिक बॅट्समनकडे न बघता स्कोअरबोर्डवरच्या आकड्याकडे बघतंय. असा हात शिकवून येत नाही राव.

चष्मिष्ट: कंट्रोलही शिकवून येतोच असं नाही. स्टीव्ह डॅलकोव्स्की, ओरिओल्स टीमच्या मायनर लीगमधला (मेजरच्या खालच्या लीगमधला) डावखुरा पिचर. 1960 ला स्टॉकटनला 170 इनिंगमध्ये 262 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). वॉक (चार वाइडसारख्या बॉलवर बॅट्समनला फुकट पहिला बेस) किती? तेही 262. 1963 ला जरा सूर लागतोय म्हणेपर्यंत कोपर गेलं, मेजरमध्ये एक बॉल टाकायला मिळाला नाही बिचाऱ्याला. गन (वेग मोजायचं यंत्र) बघून मुलगा घेणं म्हणजे फोटो बघून स्थळ पक्कं करणं.

दोन_आणे: डॅलकोव्स्कीला कशाला उठवताय, त्याचा वेग मोजायला आर्मीच्या टेस्टिंग ग्राउंडवर न्यावं लागलं होतं. आता स्काउट (खेळाडू हेरणारा) नुसता आकडा लिहून घरी जात नाही. 20 ते 80 मध्ये मार्क देतात, 50 म्हणजे मेजर लीगचा सरासरी, फास्टबॉलचे वेगळे, स्लायडरचे (वळणाऱ्या बॉलचे) वेगळे, कंट्रोलचे वेगळे. शिवाय बॉल किती फिरतो, हात कुठून सुटतो हे मशीन सांगतं. आणि रिलीव्हरला दोन पिच (बॉलचे प्रकार) पुरतात कारण स्टार्टरला (मॅच सुरू करणाऱ्या पिचरला) तोच बॅट्समन रात्रीत तीनदा भेटतो, याला एकदाच.

चष्मिष्ट: बरं मग दुसऱ्या पिचचं बोला. 2024 मध्ये जॉइसचा इआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन) 2.08, छान, पण स्ट्राइकआउट इनिंगला जेमतेम एक. 105 टाकणाऱ्याला! मेजरवाले नुसत्या वेगाला बॅट लावतात हो, वेगासोबत दुसरं काहीतरी लागतं.

हंट्सविलकर: बॅट लागते पण बॉल जमिनीत जातो, आउट तो आउट. आणि सप्टेंबर 2024 मध्ये डॉजर्सच्या टॉमी एडमनला 105.5 वरच स्ट्राइकआउट केलं ते?

चष्मिष्ट: आणि मे 2025 मध्ये खांद्याची सर्जरी, सीझन संपला. त्याआधी 2020 ला कोपराची टॉमी जॉन (लिगामेंट बदलायची सर्जरी) झालेली, त्यात 2021 अख्खं गेलं. हे सगळं ड्राफ्टच्या दिवशी फाइलमध्ये होतं, निदान कोपराचं तरी.

अक्का_डॅलस: तुम्ही दोघं एका पोराचं धरून बसलात. 2008 ला मेजरमधला सरासरी फास्टबॉल 91.3 माईलचा होता, 2024 ला 94.2. डिसेंबर 2024 ला एमएलबीच्याच (मेजर लीगच्याच) अहवालात लिहिलंय की वेगाच्या मागे लागणं हे दुखापतींचं मोठं कारण. माझा भाचा पंधरा वर्षांचा, त्याच्या टीमच्या मॅचला आईबापच गन घेऊन उभे असतात आणि पोरं प्रत्येक बॉल जीव तोडून टाकतात, कारण वर कोण काय बघतं हे त्यांना माहितीये. स्काउटनी आधी गन खाली ठेवावी मग बोला.

दोन_आणे: अक्का गन खाली ठेवली तर शेजारची टीम उचलेल. मेसन मिलर बघा, 2021 ला हाही तिसऱ्याच फेरीत, 97 वा. 2023 ला कोपर दुखावलं, मग ओकलंडनी बुलपेनमध्ये (रिलीव्हरच्या गटात) टाकला, आणि जुलै 2025 मध्ये सॅन डिएगोनी त्याच्यासाठी लिओ डी व्रीससारखा होतकरू शॉर्टस्टॉप (फील्डर) दिला. रिलीव्हरसाठी!

चष्मिष्ट: अहो हे तर माझ्याच बाजूचं झालं. मिलर स्टार्टर म्हणून घेतला होता. हात कुरकुरला की बुलपेन, ही एक पायरी खाली उतरायला शिल्लक होती. जॉइस आधीच त्या पायरीवर उभा, तिथून उतरणार कुठे?

हंट्सविलकर: हे मात्र मान्य, याचा मी विचार केला नव्हता. पण एंजल्सचा दुसऱ्या फेरीचा पिक सिंडरगार्ड या पिचरला साइन केल्यामुळे गेलेला, पहिल्यात झॅक नेटो घेतला की थेट 89, मधे काहीच नाही. आणि हीच टीम 2021 ला वीसच्या वीस पिक पिचरवर लावून बसलेली, म्हणजे सवय आहे त्यांना 😄 तरी चष्मिष्टकाका, 89 नंतरच्या यादीतलं एक नाव टाका जे तुम्ही घेतलं असतंत. आज बघून नाही हं, त्या दिवशी जे माहीत होतं त्यावर.