मदत हवी आहे: क्यूसी (गुणवत्ता तपासणी) केमिस्टच्या जागेसाठी रेझ्युमे आणि कव्हर लेटर (लोटे, महाड, रोहा)

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. बी.एस्सी. केमिस्ट्री 2024 ला पूर्ण, राहायला चिपळूण तालुक्यात. त्यानंतर लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये एक वर्ष अप्रेंटिसशिप केली, ती ऑगस्ट 2025 मध्ये संपली. आता लोटे, महाड, रोहा इकडे क्यूसी केमिस्टच्या जागांसाठी अर्ज करतोय, पण मुलाखतीचं बोलावणंच येत नाही.

रेझ्युमे दोन पानी आहे. वर ऑब्जेक्टिव्ह, मग शिक्षणाचा तक्ता, मग स्किल्स (एचपीएलसी, जीसी, यूव्ही ही तपासणीची उपकरणं, टायट्रेशन, एमएस-ऑफिस, टीमवर्क), मग अप्रेंटिसशिपची एक ओळ, वैयक्तिक माहिती आणि डिक्लरेशन. कव्हर लेटर एकच आहे, तेच सगळीकडे जातं. जीसी मी फक्त चालवताना पाहिलंय, एचपीएलसीवर सिनिअरच्या हाताखाली काम केलंय. नेमकं काय बदलू? आणि हल्ली कव्हर लेटर कोणी वाचतं का?

तिठा:
तुमचा खरा माल त्या एका ओळीच्या अप्रेंटिसशिपमध्ये आहे आणि तोच तुम्ही तळाला टाकलाय. क्यूसीचा इन-चार्ज रेझ्युमे हातात घेतो तेव्हा त्याला चार गोष्टी बघायच्या असतात: कोणतं उपकरण, त्यावर कोणती टेस्ट, कोणत्या मालाची, आणि नोंदी कोण ठेवत होतं. "एचपीएलसी येतं" एवढ्यावरून त्याला यातलं काहीच कळत नाही.

क्रम असा लावा. सर्वांत वर नाव, मोबाईल, ई-मेल, तालुका-जिल्हा. लगेच खाली दोन ओळींत तुम्ही कोण ते: बी.एस्सी. केमिस्ट्री, एपीआय (औषधातला मूळ घटक) प्लांटच्या क्यूसीत एक वर्ष अप्रेंटिसशिप, शिफ्टला तयार. ऑब्जेक्टिव्ह काढून टाका. "प्रगतिशील संस्थेत काम करून स्वतःचा विकास" हे वाक्य ढिगातल्या प्रत्येक अर्जात असतं. मग अनुभव, मग उपकरणं आणि टेस्ट, मग शिक्षण. हे सगळं एका पानात बसवायचं.

अप्रेंटिसशिप "अनुभव" या मथळ्याखालीच घ्या, शिक्षणाखाली नको. पद मात्र "अप्रेंटिस" असंच लिहा. महिना-वर्ष दोन्ही बाजूंनी द्या आणि ते सर्टिफिकेटशी जुळतंय ना ते बघा. पडताळणीत एका महिन्याचा फरक निघाला तरी एचआर शंका घेतो, आणि "केमिस्ट" लिहून सर्टिफिकेटवर "अप्रेंटिस" निघालं तर हाती आलेली नोकरी जाऊ शकते.

आता ती एक ओळ फोडून दाखवतो. मराठीत देतोय, इंग्रजीत आशय हाच ठेवा. (एलओडी म्हणजे वाळवल्यावर घटणारं वजन, अ‍ॅसे म्हणजे मालात मूळ पदार्थ किती ते, स्टँडर्डाइज म्हणजे द्रावणाची नेमकी ताकद ठरवणं, मोबाईल फेज म्हणजे एचपीएलसीतून वाहणारं द्रावण, सिस्टिम सुटेबिलिटी म्हणजे उपकरण नीट चालतंय ना ते, एसओपी म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत.)

आधी: "क्यूसी विभागात विविध उपकरणांवर काम केले."

नंतर:
"कच्चा माल व इंटरमीजिएटची तपासणी: कार्ल फिशरने पाण्याचे प्रमाण, एलओडी, पीएच, मेल्टिंग पॉइंट, टायट्रेशनने अ‍ॅसे."
"व्हॉल्यूमेट्रिक सोल्यूशन्स तयार करून स्टँडर्डाइज करणे, लेबल आणि मुदतीची नोंद."
"एचपीएलसी (देखरेखीखाली): मोबाईल फेज तयार करणे, 0.45 मायक्रॉनमधून गाळणे, डीगॅस करणे, स्टँडर्ड व सॅम्पल बनवणे, सिस्टिम सुटेबिलिटी तपासणे."
"लॉगबुक आणि टेस्ट रिपोर्ट एसओपीप्रमाणे त्याच वेळी भरणे."

"देखरेखीखाली" हा शब्द लिहायला कचरू नका. एक वर्षाच्या अप्रेंटिसकडून एवढीच अपेक्षा असते. उलट "एचपीएलसी एक्स्पर्ट" लिहिलंत की पहिलाच प्रश्न येतो: प्रेशर अचानक वाढलं तर काय बघाल? बफरनंतर (क्षार असलेलं द्रावण) कॉलम, म्हणजे एचपीएलसीतली नळी, थेट अ‍ॅसिटोनायट्राइलने धुतला तर क्षार साचून बसतात, म्हणून आधी पाणी सोडायचं, हे सांगता आलं नाही तर मुलाखत तिथेच थांबते. कार्ल फिशर लिहिलंत तर डायसोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटमध्ये पाणी 15.66 टक्के असतं आणि त्यावर फॅक्टर (कार्ल फिशरच्या द्रावणाची ताकद) काढतात, हे ओठांवर हवं. सोडियम हायड्रॉक्साइड केएचपीने (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) स्टँडर्डाइज करतात, तेही तसंच. रेझ्युमेतला प्रत्येक शब्द म्हणजे तुम्ही स्वतःहून दिलेला प्रश्न आहे. म्हणून जीसी काढा. नुसतं बघितलेलं लिहायचं नाही.

आणखी एक, हे फार मुलं चुकतात. जुन्या कंपनीच्या प्रॉडक्टचं नाव, बॅच नंबर, टेस्ट मेथडचे तपशील रेझ्युमेत घालू नका. "एपीआय", "इंटरमीजिएट", "सॉल्व्हंट" एवढं पुरे. जो मागच्या कंपनीची माहिती उघड करतो तो आपलीही करेल, असंच इन-चार्ज धरून चालतो.

सुरंगी:
तिठा यांनी आतला मजकूर सांगितला, मी फाईल आणि मेलबद्दल सांगते. कितीतरी अर्ज उघडण्याआधीच अडकतात.

शिक्षणाचा तक्ता आणि टेक्स्ट बॉक्स काढा. जॉब पोर्टलवर रेझ्युमे चढवला की सॉफ्टवेअर त्यातला मजकूर ओळीने उचलतं. तक्त्यातले रकाने एकमेकांत मिसळतात आणि 2024 हे वर्ष टक्क्यांच्या जागी जाऊन बसतं. मोबाईल नंबर पानाच्या हेडरमध्ये असेल तर काही ठिकाणी तो वाचलाच जात नाही, म्हणून तो मुख्य मजकुरातच ठेवा. साधा फॉन्ट, 11 आकार, चारही बाजूंना साधारण 2 सेंटिमीटर समास. वर्डमधून थेट पीडीएफ करा. प्रिंट काढून मोबाईलने फोटो मारून केलेली पीडीएफ पाठवू नका. ते चित्र असतं, त्यात "एचपीएलसी" शोधलं तर सापडत नाही. तपासायचं असेल तर पीडीएफ उघडून सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जसा दिसेल, साधारण तसाच सॉफ्टवेअरला दिसतो.

सहकारी संस्था किंवा पतपेढीत मराठीत अर्ज द्यायचा असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. झेरॉक्सच्या दुकानात अजून जुने मराठी फॉन्ट वापरतात. ती वर्डची फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

धर्म, जात, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, फोटो, डिक्लरेशन: खासगी कंपनीने मागितलं नसेल तर सगळं काढा. सरकारी भरतीचं वेगळं, तिथे त्यांचा नमुना असेल तसाच भरायचा.

गावात रेंजची अडचण असेल तर घरातला दुसऱ्या कंपनीचा एक नंबर "पर्यायी" म्हणून द्या आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा. फोन लागला नाही तर एचआर सरळ पुढच्या नावाकडे वळतो.

खाडीकाठ:
खूप आभार दोघांचे. दोन शंका. अप्रेंटिसशिपनंतरचे महिने घरच्या आंब्याच्या बागेत आणि पॅकिंगमध्ये गेले, ते लिहू का? आणि लोट्याला ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया) लॅबच्या जागाही दिसतात, तिथे हाच रेझ्युमे चालेल का?

तिठा:
बागेचं एका ओळीत लिहा, महिन्यांसकट: "घरच्या आंबा बागेत प्रतवारी, पॅकिंग, पाठवणीच्या नोंदी." रिकामी जागा दिसली की वाचणारा मनाने काहीतरी भरतो, तेव्हा खरं काय ते तुम्हीच सांगितलेलं बरं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण चार ओळींचंही करू नका.

ईटीपीला हाच रेझ्युमे नको. माणूस तोच, पण वर यायच्या गोष्टी वेगळ्या. तिथे पीएच, टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण), सीओडी आणि बीओडी (घाण कुजायला-जळायला लागणारा ऑक्सिजन, एक रसायनाने मोजलेला, दुसरा जिवाणूंनी) यांना किंमत. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये सीओडी केलं असेल तर "शैक्षणिक प्रॅक्टिकल" म्हणून लिहा आणि वाचून जा: डायक्रोमेट घालून 2 तास रिफ्लक्स, बीओडी आपल्याकडे 27 अंश सेल्सिअसला 3 दिवस. टायट्रेशन आणि सोल्यूशन स्टँडर्डाइज करणं दोन्हीकडे चालतं, ते ईटीपीच्या रेझ्युमेत पहिल्या ओळीला घ्या. दोन फाईली वेगवेगळ्या नावांनी ठेवा, नाहीतर घाईत उलटसुलट जातात.

सुरंगी:
कव्हर लेटर वाचतात का, तर छोट्या-मध्यम कंपन्यांत मेलचा मजकूर हेच कव्हर लेटर. वेगळी फाईल जोडलीत तर बहुतेक जण उघडत नाहीत. 150 ते 200 शब्द, तीन परिच्छेद. पहिल्यात कोणती जागा आणि जाहिरात कुठे दिसली. दुसऱ्यात जाहिरातीतल्या दोन-तीन अटी उचलून प्रत्येकीसमोर तुमचं काम. तिसऱ्यात राहण्याचं ठिकाण, शिफ्ट, कधी रुजू होऊ शकता. स्थानिक असणं ही इथे मोठी जमेची बाजू आहे, कारण बाहेरून आलेली मुलं पावसाळा संपायच्या आत परत जातात ही इथल्या कंपन्यांची कायमची तक्रार. पगाराची अपेक्षा त्यांनी विचारली तरच. विषयाची ओळ कोरी सोडू नका.

नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

खाडीकाठ:
हे लिहिलंय, बघाल का?

"विषय: क्यूसी केमिस्ट पदासाठी अर्ज, बी.एस्सी. केमिस्ट्री, एपीआय क्यूसीत 1 वर्ष अप्रेंटिसशिप, चिपळूण

महोदय, आपल्या लोटे येथील कारखान्यातील क्यूसी केमिस्ट पदाची जाहिरात पोर्टलवर पाहिली.

जाहिरातीत कच्च्या मालाची तपासणी आणि कार्ल फिशरचा अनुभव मागितला आहे. अप्रेंटिसशिपमध्ये मी रोज 8 ते 10 नमुने तपासत होतो. एचपीएलसीवर देखरेखीखाली सॅम्पल व मोबाईल फेज तयार केले आहेत. सर्व उपकरणे मी कुशलतेने हाताळू शकतो.

मी चिपळूण तालुक्यात राहतो, तिन्ही शिफ्टमध्ये काम करू शकतो आणि लगेच रुजू होऊ शकतो. रेझ्युमे सोबत जोडला आहे."

तिठा:
चांगलं झालंय. दोन ठिकाणी हात फिरवा. "रोज 8 ते 10 नमुने" कसले? कार्ल फिशरचे असतील तर तसं लिहा: "कार्ल फिशरवर रोज 8 ते 10 नमुने, फॅक्टर काढण्यासह." सगळ्या टेस्ट मिळून असतील तर तेही स्पष्ट करा, कारण हाच आकडा ते विचारणार. आणि "सर्व उपकरणे कुशलतेने" हे वाक्य पूर्ण काढा. आधीच्या वाक्यातल्या "देखरेखीखाली"ला ते खोटं पाडतं. त्या जागी नोंदींचं घ्या: "लॉगबुक आणि रिपोर्ट त्याच वेळी भरण्याची सवय आहे."

सुरंगी:
"महोदय" ऐवजी "महोदय/महोदया" करा, एचआरला बऱ्याच ठिकाणी बाई असतात. नावाखाली मोबाईल नंबर परत टाका. पाठवण्याआधी तोच मेल स्वतःला पाठवून मोबाईलवर उघडून बघा: जोडलेली फाईल क्यूसीचीच आहे ना, ईटीपीची नाही ना.